पाणी ओसरल्यावर

परवा पुण्याहून माझ्या भाच्याच्या धाकट्या मुलाचा फोन आला. "आजी, यंदा पाणी भरलं तर नुसतं कळव. आम्ही दहाजण तयार आहोत." इतक्या उत्साहाने बोलत होता की पूर म्हणजे जणू लग्नकार्य आणि हा वाढपी! मी म्हटलं, "ये बाळा, जरूर ये. पण धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतलीस ते आधी सांग." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "ते कशाला?"

त्या 'कशाला'चं उत्तर फोनवर देता येईना. उत्तर लांबलचक आहे, माझ्या आयुष्यातले तीन पूर त्यात येतात. म्हणून इथे लिहून ठेवते. घरातल्या पोरांनी वाचावं, आणि तुम्ही नेहमीची वाचणारी मंडळी आहातच.

पहिला पूर पानशेतचा. १२ जुलै १९६१, बुधवार. मी अकरा वर्षांची होते आणि आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत एका वाड्यात होतं. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवलं होतं. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं, आणि तो लोंढा खाली आल्यावर खडकवासल्याचं धरणही फुटलं. मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आम्ही पर्वतीकडे पळालो. हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. बावडेकर आयोग, नंतर नाईक आयोग, धरण कशाने फुटलं, दोष कोणाचा, यावर बरीच शाई खर्ची पडली. पडायलाच हवी होती.

पण मला आठवतो तो चिखल. आम्ही परत आलो तेव्हा वाड्याच्या चौकात मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत काळा गाळ होता. त्यात धान्य, कपडे, देवघरातल्या मूर्ती, पाटे-वरवंटे, कुणाची तरी सायकल. धुवायला पाणी म्हणावं तर तेही नाही, कारण शहराला पाणी देणारं खडकवासलाच गेलेलं. जुन्या विहिरी आणि पेशव्यांच्या काळातले कात्रजचे हौद यांच्याकडे लोक पुन्हा वळले. पटकीची साथ येईल म्हणून सगळ्यांना टोचत होते. माझा दंड सुजून लिंबाएवढी गाठ आली होती.

माझे धाकटे काका तेव्हा चोवीस वर्षांचे. नुकतेच नोकरीला लागले होते. आमचा वाडा साफ झाल्यावर ते गप्प बसले नाहीत. मित्रांची टोळी करून नदीकडच्या पडक्या वाड्यांतला गाळ उपसायला जाऊ लागले. धोतर खोचलेलं, डोक्यावर घमेलं, पाय अनवाणी. चिखलात चप्पल टिकत नाही, आणि गमबूट आमच्यासारख्यांच्या घरात कोणी पाहिलेलाही नव्हता. एके दिवशी पायात खिळा गेला. आजीने हळद दाबली, फडकं बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी काका परत घमेलं घेऊन निघाले. आठवड्याभराने जेवताना म्हणाले, तोंड नीट उघडत नाही. धनुर्वात झाला होता. चार दिवसांत गेले.

पानशेतच्या बळींचे वेगवेगळे आकडे सांगितले जातात. त्यातल्या कुठल्याच आकड्यात आमचे काका नाहीत. ते पुरात गेले नाहीत ना! पूर ओसरल्यावर गेले. मी पुढे तीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, तेव्हा हे मला फार जाणवत राहिलं. पुराचा इतिहास पाणी उतरलं की संपतो. बखर तिथेच मिटते. त्यानंतर फावडं घेऊन उतरलेल्यांचं काय झालं, हे कुणी लिहीत नाही. आणि लिहिलेलं नसलं की पुढच्या पिढीला ते ठाऊकही नसतं.

ठाऊक नसणाऱ्यांत मीही आले. आमच्या घरात काकांचं मरण हे नशिबाचं मरण होतं. आजी म्हणायची, "पुण्याचं काम करता करता गेला." त्या वाक्याने घराला धीर दिला हे खरं. पण त्याच वाक्यामुळे खिळा, अनवाणी पाय आणि न घेतलेलं इंजेक्शन हे सगळं झाकून गेलं.

आपल्याकडे सेवा करणाऱ्याने जिवाची पर्वा करू नये असं मनात कुठेतरी ठाम बसलेलं आहे. मी वर्गात सावित्रीबाईंचा धडा शिकवायचे. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात गेल्या, त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. शिकवताना माझाच गळा दाटून यायचा. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा जगात नीटसं मान्यही झालं नव्हतं. पण मी वर्गात त्यांचं धाडस तेवढं सांगितलं. आज कळत असताना आपण काय केलं पाहिजे, हा प्रश्न मी एकाही वर्गाला विचारला नाही.

१९७३ साली लग्न होऊन चिपळूणला आले. इथे 'पूर आला' असं फारसं कुणी म्हणत नाही, 'पाणी भरलं' म्हणतात. बाजारपेठेतले दुकानदार जुलै लागला की खालचा माल माळ्यावर चढवतात. एका अंगाला वाशिष्ठी, गावातून शिव नदी, आणि खालून दाभोळच्या खाडीची भरती. तिघींचं एकाच वेळी जमलं की गाव त्यांच्या ताब्यात.

२६ जुलै २००५ ला तसं झालं. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणून साऱ्या जगाला ती तारीख मुंबईची म्हणून माहीत आहे. पण त्याच पावसात चिपळूणही बुडालं. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, १८६४ पासूनच्या वाचनालयाची, किती पुस्तकं भिजून गेली ते आठवलं तरी पोटात कालवतं.

माझी शाळाही पाण्यात होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. पाणी उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मी नववी-दहावीच्या मुलांना निरोप पाठवला. पंधरा-सोळा पोरं आली. बाकं उचलली, फळे धुतले, गाळ खराट्याने रेटत रेटत पटांगणात नेला. मग मागच्या वहाळात अडकलेला कचरा काढायला उतरली. चपला रुतून बसायला लागल्या, तशी पोरांनी त्या काढून पायरीवर रांगेत ठेवल्या. आणि मी, जिच्या काकांचा पाय असाच होता ती मी, म्हणाले, "बरं केलंत, नाहीतर वाहून जातील." हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

दहाव्या-अकराव्या दिवशी त्यातल्या एकाला सणकून ताप आला. डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की हात लावू देईना. घरच्यांना वाटलं मलेरिया. डोळे पिवळे झाले तेव्हा कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध झालं. शेवटी मोठ्या इस्पितळात नेला, तिथल्या तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, "पुराच्या चिखलात उतरला होतास का?" लेप्टोस्पायरोसिस. मूत्रपिंडं काम करीनाशी झाली होती. दोनदा डायलिसिस करावं लागलं. मुलगा वाचला. दहावीचं ते वर्ष मात्र गेलं.

मी त्याच्या आईला भेटायला गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. ती माउली म्हणाली, "बाई, तुम्ही पण होतात की त्यांच्याबरोबर चिखलात." आणि चहा टाकायला आत गेली. माझं पाठ केलेलं तसंच राहिलं, आजतागायत.

त्यानंतर मात्र मी त्या रोगाच्या पाठीच लागले. मुंबईतही त्या ऑगस्टमध्ये लेप्टोने माणसं दगावत होती, वर्तमानपत्रं भरून बातम्या येत. पण रोग काही नवा नव्हता. १८८६ साली जर्मनीत अॅडॉल्फ वाइल नावाच्या डॉक्टरने ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड अशा एकत्र लक्षणांचं वर्णन केलं होतं. १९०७ मध्ये अमेरिकेत स्टिमसनने पीतज्वराने गेला असं समजल्या गेलेल्या एका रोग्याच्या मूत्रपिंडात बारीक मळसूत्रासारखे जंतू पाहिले. त्यांची टोकं आकड्यासारखी वळलेली, म्हणून त्याने नावच दिलं 'इंटेरोगन्स', म्हणजे प्रश्नचिन्हासारखा. मराठीची शिक्षिका म्हणून मला याचं हसूही आलं आणि काटाही. पुढे १९१५ च्या सुमारास जपानात इनादा आणि इदो यांनी क्यूशू बेटावरच्या कोळशाच्या खाणीतल्या मजुरांच्या आजारातून हाच जंतू शोधून काढला. पाण्यात उभं राहून काम करणारी माणसं! खाणमजूर, भातलावणीचे शेतकरी, गटारं साफ करणारे. आमच्या कोकणात लावणीला बायका दिवसभर अनवाणी चिखलात असतात, त्यांचाही हा रोग आहेच.

उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात नि चिखलात येतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतात. पुरात उंदरांची बिळं भरतात आणि सगळी घाण गावभर कालवली जाते. ताप लगेच येत नाही. साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. तोवर मदतीला आलेला मुलगा आपल्या गावी परत गेलेला असतो. तिथल्या डॉक्टरला काय कल्पना, हा चिपळूणचा चिखल तुडवून आलाय म्हणून? म्हणून मी प्रत्येकाला बजावते, महिन्याभरात ताप आला तर आधी चिखलाचं सांगायचं, मग तापाचं.

यावर डॉक्सिसायक्लिन नावाची गोळी आहे. १९८२ मध्ये पनामाच्या जंगलात सरावाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांवर तिचा प्रयोग झाला होता. निम्म्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम ही गोळी, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. खोटी गोळी घेणाऱ्यांत वीसजणांना लेप्टो झाला, खरी घेणाऱ्यांत एकाला. म्हणजे आमच्या वहाळात पोरं उतरली त्याच्या वीसएक वर्षं आधी हे कागदावर होतं. आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच. (गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. गरोदर बायका आणि लहान मुलं यांना ती सरसकट देत नाहीत. आणि गोळी घेतली म्हणून बूट काढायचे नाहीत.)

आता तिसरा पूर. २२ जुलै २०२१. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाची भरती, आणि वरून आभाळ फाटलेलं. पहाटे जाग आली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांचे आवाज जिन्यात होते. आम्ही पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या चार पायऱ्या राहिल्या होत्या. पाणी उतरल्यावर गाव पाहवत नव्हतं. ठिकठिकाणची माणसं मदतीला आली, बाहेरच्या पालिकांची पथकं आली, करोनाचा काळ असून आली. हे ऋण चिपळूण विसरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी एक फोन आला. २००५ चा तो माझा विद्यार्थी. आता बाहेरगावी असतो, दोन मुलांचा बाप आहे. म्हणाला, "बाई, या वेळी पोरांना बूट द्या हं." बाकी काही बोलला नाही. चार दिवसांनी एका टेम्पोतून पंचवीस जोड गमबूट आणि रबरी हातमोज्यांचं खोकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.

मग मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. गुडघे उतरू देत नव्हतेच. हजेरीची वही घेतली. कोण, कुठून आला, घरचा फोन, धनुर्वाताची लस कधी, हातापायावर जखम आहे का, किती वाजता गेला, किती वाजता परतला. पोरं हसायची, "आजींची शाळा भरली." हसोत. संध्याकाळी डोकी मोजल्याशिवाय मी खुर्ची सोडली नाही. भाच्याचा थोरला मुलगा आला होता, त्याच्या टाचेला चीर होती. मी त्याला गाळात जाऊ दिलं नाही, पोती मोजायला बसवलं. तो असा काही रागावला की दुसऱ्या दिवशी एसटी धरून पुण्याला गेला. भाचाही महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. "इतक्या लांबून आलेल्या पोराचा हिरमोड केलास आत्या." केला, खरं आहे.

घरातल्या गाळातही काय काय शिकायला मिळालं. आमच्या शेजारणीने संडासात ब्लीचिंग पावडर टाकली आणि डाग जाईनात म्हणून वर अॅसिड ओतलं. धडपडत बाहेर आली, दोन दिवस खोकत होती. त्या दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू होतो, हे तिच्या मुलाने दहावीत पाठ केलेलं! वीज गेलेली आहे म्हणून बिनधास्त बोर्डाला हात लावणारे भेटले. पण वीज कधी परत येईल हे काय सांगून येतं? आणि बंद घरातल्या इन्व्हर्टरचं काय?

नदीचं काम मात्र निराळंच. रविवार, ८ ऑगस्टला पोरांनी ठरवलं की शिव नदीवरच्या एका लहान पुलाखाली अडकलेलं झाड काढायचं. फांद्यांना गाद्या, साड्या, प्लास्टिक, काय काय गुंडाळलेलं. कमरेला दोर बांधून दोघांनी उतरायचं, बाकीच्यांनी ओढायचं. वेळ ठरली अकराची. मला तर ते अगदी व्यवस्थित वाटलं. दोर आहे, माणसं आहेत, पाऊसही थांबलाय.

तेवढ्यात गोवळकोटकडचे एक म्हातारे भोई बिडी ओढत उभे होते, त्यांनी विचारलं, "आज तिथ कुठली?" दिव्याची अवस. आषाढी अमावास्या. त्यांनी बोटं मोडली. "पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. तोंडाशी सव्वाअकराला भरती. इथवर चढायला आणखी वेळ, म्हणजे तुम्ही ऐन मध्यात असाल तेव्हा पाणी उलटं येईल. आणि पोफळीला वीज करून सोडलेलं पाणी वरनं आलं, तर?" कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर वाशिष्ठीत येतं, तेव्हा आभाळ कोरडं असलं तरी नदी चढते. मी अठ्ठेचाळीस वर्षं या गावात राहते, तिथीची पाऊणपट मलाही येते. पण मला ते सुचलं नाही.

शिवाय, ते म्हणाले, दोर पोराला वाचवत नाही. वाहत्या पाण्यात झाड फिरलं की दोर झाडाला गुंततो आणि पोरगा खाली राहतो. आणि वाशिष्ठीच्या मगरी पुरात कुठे कुठे येऊन बसतात ते चिपळूणकरांना सांगायला नको. (२०२४ च्या जुलैत तर एक महाशय चिंचनाक्यावर रस्त्यातून फिरताना सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.)

झाड राहिलं. पुढे जेसीबीने निघालं. पोरांनी काठावरचा, पाण्याच्या रेषेच्या वरचा कचरा तेवढा काढला. लांब काठीने आधी ढोसायचं, साप असेल तर निघून जाऊ द्यायचं, मग चिमट्याने उचलायचं. काचा आणि सुया वेगळ्या डब्यात. दोन निळे बंद पिंप सापडले, कशाचे ते लिहिलेलं नव्हतं. एक उत्साही मुलगा झाकण उघडायला निघाला होता, त्याला ओरडून थांबवलं आणि पालिकेला कळवलं. काठाच्या कडेवर कुणी उभं राहायचं नाही असंही ठरलं, कारण पुरानंतर खालची माती गेलेली असते आणि वर नुसतं गवताचं छत. दिवसाकाठी नव्वद पोती भरली. झाड काढलं असतं तर फोटो छान आला असता, असं एकजण म्हणालाच.

नदीत साचलेला गाळ काढावा म्हणून त्या वर्षअखेरीस चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले. मग यंत्रं आली, 'नाम' फाउंडेशननेही त्यात हात घातला. तो गाळ घमेल्यांनी निघणारा नव्हताच. हाताने काय काढायचं आणि यंत्रासाठी काय ठेवायचं, हे कळायला आम्हाला ती अमावास्या लागली.

त्या वर्षी आमच्या वहीतल्या त्रेसष्ट नावांपैकी दोघांना नंतर ताप आला. दोघांनी आधी चिखलाचं सांगितलं. एकाचा डेंग्यू निघाला, दुसऱ्याचा साधा. वही माझ्याजवळ आहे. काकांचं नाव तिच्या पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलंय, 'घरचा फोन' आणि 'परतल्याची वेळ' हे रकाने कोरे ठेवून.

बूट जिन्याखालच्या कपाटात असतात. दर वर्षी मे महिन्यात काढून बघते, आत बोरिक पावडर घालते. यंदा काढले तर तीन जोड उंदरांनी कुरतडलेले! म्हणजे शेवटी त्यांनी गाठलंच. नवे मागवायचे आहेत. तेव्हा भाचेमंडळींपैकी ज्यांची पोरं येणार असतील त्यांनी पायाचा नंबर आणि लसीची तारीख, दोन्ही कळवावं. नुसता नंबर नको.